शीड शिवताना घ्यावयाची काळजी

विरार लोकलने जाणाऱ्याला वाऱ्याची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. भाईंदर सुटलं, चाकांचा आवाज बदलला, की खाडीचा पूल लागतो आणि दारातल्या माणसांचे शर्ट एकदम फुगतात. कुणी निर्माल्याची पिशवी भिरकावतो, कुणी नाणं टाकतो, कुणी नुसताच हात जोडतो. मध्ये पाणजू बेट येऊन जातं. मग नायगाव येतं आणि शर्ट पुन्हा अंगाला चिकटतात.

मी भाईंदरचा, म्हणजे पुलाआधी उतरणारा. हा वारा माझ्या पासात बसत नाही. पण एका संध्याकाळी विरारकरांनी मला भाईंदरला उतरू दिलं नाही. (त्यांचा दोष नाही. भाईंदरला उतरणाऱ्यानं विरार गाडीत चढावंच का, या प्रश्नाचं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही.) दारात दाबून उभा असताना पूल आला, माझा शर्ट फुगला, आणि एवढ्या वाऱ्याचं काहीतरी करायला हवं असं मनात आलं. परतीच्या गाडीत मी शिडाचा आकडेमोडीसह विचार करत होतो.

त्या विचाराचं पुढे जे झालं, त्यावरून हे मार्गदर्शन सिद्ध केलं आहे. इच्छुकांनी ते पूर्ण वाचावं. अर्धवट वाचून पाण्यात उतरल्यास लेखक जबाबदार नाही; पूर्ण वाचून उतरल्यासही नाही.

प्रथम होडी हवी. कयाक ही मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांची शिकारीची होडी. लाकडाचा किंवा हाडांचा सांगाडा, त्यावर सीलचं कातडं. आमची प्लास्टिकची, पिवळी, दहा फुटी आणि जुनी. मालवणकडून ट्रकच्या टपावर आली. कयाक घेताना लोक तिचा तोल पाहतात, वजन पाहतात. इच्छुकाने आधी सोसायटीची लिफ्ट पाहावी. आमची कयाक लिफ्टमध्ये उभी मावली नाही, आडवी मावली नाही, आणि तिरकी मावली तेव्हा दार लागलं नाही. मग ती पार्किंगमध्ये राहिली. सेक्रेटरींनी विचारलं, टू-व्हीलर धरायची की फोर-व्हीलर? चाकं मोजली तर शून्य भरतात, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. महिनाभर विचार करून कमिटीने टू-व्हीलरचा दर लावला आणि स्टिकर दिला. तो नाळेवर चिकटवावा. बंदर खात्याचा नोंदणी क्रमांक असल्यासारखा दिसतो.

आता कापड. पुस्तकांत शिडासाठी जी कापडं सांगतात ती आपल्या बाजारात मिळत नाहीत, म्हणून हळहळू नये. मे महिना सरत आला की दुकानादुकानांत निळी ताडपत्री लटकते, ती चालते. पण मीरा-भाईंदरमध्ये ताडपत्रीवर पैसे घालवणं म्हणजे समुद्रकाठी राहून मीठ विकत घेणं. इथे वाढदिवस रोज असतात आणि प्रत्येक वाढदिवसाला दहा बाय आठचा फ्लेक्स असतो. वजन चौरस मीटरला साधारण तीनशे ग्रॅम, पाणी शोषत नाही, कडेला आयलेट आधीच मारलेली. उत्सवमूर्तीचा वाढदिवस उलटल्यावर, उतरवणाऱ्या मुलाला चहा पाजून तो रीतसर मागून घ्यावा. टांगलेला फ्लेक्स काढू नये; त्यामागे माणसं असतात.

फ्लेक्स निवडताना एक पथ्य. वाऱ्याने तो फाटू नये म्हणून टांगणारी मुलं त्याला ब्लेडने अर्धचंद्राकार खिडक्या पाडतात. वाऱ्याला वाट देणं हे फ्लेक्सचं शास्त्र, आणि वाट अडवणं हे शिडाचं. तेव्हा खिडक्या नसलेला भाग शोधावा. मला जो त्रिकोण मिळाला त्यात जोडलेले दोन हात, अर्धी मिशी आणि 'भावी' हा शब्द अखंड आला. पुढचा शब्द कापला गेला. वापरताना तो बहुधा लागणारही नव्हता.

आकार केवढा? नवख्याने एक चौरस मीटरच्या वर जाऊ नये. हा आकडा भित्रा वाटतो, म्हणून हिशेब देतो. दहा नॉटच्या, म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटरच्या वाऱ्यात एवढं शीड साधारण दोन किलोचा रेटा देतं: बटाट्याची एक पिशवी. वारा दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. वीस नॉटला आठ किलो. आणि ही पिशवी तुमच्या मांडीवर नसते. ती डोक्याच्या उंचीवर टांगलेली असते आणि एका बाजूला ओढत असते. कयाकची रुंदी अडीच फूट. पुढचं सांगायला नको.

नुसता सपाट तुकडा बांधला तरी मागून येणाऱ्या वाऱ्यात होडी चालते. तेवढ्यासाठी उघडी छत्रीही चालते, आणि बालवर्गाने छत्रीपासूनच सुरुवात करावी. पण वारा कुशीवरून आला तर शिडाला पोट लागतं: रुंदी मीटरभर असेल तर मध्ये दहा सेंटिमीटर फुगवटा. सपाट कापडाला फुगवटा कसा आणायचा यावर मी दोन रविवार भूमिती केली. तिसऱ्या रविवारी ही म्हणाली, "अहो, टक्स घाला ना."

गल्लीतल्या ब्लाउज शिवणाऱ्या मावशींकडे गेलो. फॉल-पिको, फिटिंग, अर्जंट घेतले जातील. मावशींनी फ्लेक्स उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, अर्ध्या मिशीकडे जरा रोखून पाहिलं आणि इंच टेप काढली.

"माप कुणाचं?"

"वाऱ्याचं," मी म्हटलं.

"सैल ठेवू की फिटिंगचं?"

मापावरून मी जे काही बोललो ते त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. डोलकाठीकडच्या बाजूला दीड-दीड इंचाचे दोन टक्स घातले, ती कड सरळ न कापता किंचित बाहेर गोलवली, आणि बाकीच्या दोन कडा दुमडून डबल शिलाई मारली. फ्लेक्सवर मशीनची जाड सुई लागते आणि टाके मोठे ठेवावे लागतात. बारीक टाके घातले तर टिकिटासारखा ओळीनं फाटतो, ही माहिती त्यांचीच. शीड दोरीवर टांगून पंखा लावला तर ते असं काही भरलं की मी गप्प झालो. मावशी म्हणाल्या, "अस्तर लावायचं तर वेगळे पडतील." अस्तर लावू नये.

डोलकाठीला मांडववाल्याकडचा सहा फुटी बांबू घ्यावा. प्लंबरचा पीव्हीसी पाइप स्वस्त, सरळ आणि गुळगुळीत असतो, आणि पहिल्या झुळकेला नमस्कार करतो. बांबूचं बूड बसवायला पाइपचाच वीतभर तुकडा होडीवर बोल्टने आवळावा आणि फट राहील तिथे चिंध्या ठोसाव्यात. चिंध्यांबद्दल मला पुढे आणखी बोलायचं आहे. काठीच्या टोकापासून पुढे एक आणि दोन बाजूंना दोन अशा तीन दोऱ्या ताणून बांधाव्यात. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी उत्तम; मात्र ती कपडे काढल्यावर सोडावी.

कयाकला खाली कणा नसतो. कुशीवरच्या वाऱ्यात ती पुढे जाण्याऐवजी ताटासारखी बाजूला सरकते. म्हणून ज्या बाजूला वारा ढकलतो, त्या बाजूने पाण्यात एक उभी फळी सोडतात. आमच्या घरी जेवायचे चार पाट होते. डायनिंग टेबल आल्यापासून ते माळ्यावर होते. त्यांतला एक उतरवला. आता तीन आहेत, आणि चैत्रगौरीला त्यांची मोजणी होते.

सगळ्यांत महत्त्वाची दोरी शेवटची. शिडाच्या मोकळ्या कोपऱ्याला जी दोरी असते, तिच्यावर शीड ताणायचं किंवा ढिलं सोडायचं. ही दोरी कधीही, कशालाही बांधायची नाही. ती हातात धरायची. झोत आला की सोडायची. शीड फडफडतं, होडी उभी राहते, माणूस कोरडा राहतो. सगळी नौकानयनविद्या त्या मुठीत आहे. मी ती केबल टायने पक्की केली, कारण फ्लेक्सबरोबर केबल टाय फुकट आले होते आणि मला दोन्ही हात वल्ह्याला मोकळे हवे होते.

लाइफ जॅकेटबाबत मात्र थट्टा नाही. ते घालायचं, बंद लावायचे, आणि दृष्ट लागू नये म्हणूनसुद्धा काढायचं नाही.

आता वारा आणि पाणी. जून-जुलैत मासेमारीची बंदी असते. ज्यांचं पोट दर्यावर आहे ते जेव्हा होड्या शाकारून बसतात, तेव्हा ज्यांचं पोट नुसतंच सुटलं आहे त्यांनी खाडीत जाऊ नये. हिवाळा-उन्हाळ्यात पहाटे मतलई वारा जमिनीवरून सुटतो आणि दुपारी खारा वारा पश्चिमेकडून आत येतो. वेग ओळखायला यंत्र नको. पानं सतत हलत असतील आणि झेंडा पसरला असेल तर वारा दहा नॉटच्या आतबाहेर. धूळ आणि कागद उडायला लागले की घरी बसावं. अडचण एवढीच की आमच्याकडे बांधकामांमुळे धूळ वारा नसतानाही उडते. म्हणून समोरच्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावरचा वाळत घातलेला गाऊन पाहावा. तो प्रामाणिक असतो.

भरतीसाठी कालनिर्णय. तिथीची पाऊणपट करा, भरती केव्हा पुरी होणार ते कळतं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला. अष्टमीला सहा. अमावस्या-पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास, आणि तेव्हा उधाण असतं, पाणी फार जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मवाळ. किनाऱ्यावर पिढ्यान्पिढ्या चाललेला हा हिशेब भिंतीवर टांगलेला असून आपण त्या भिंतीवर फक्त दूध आणि गॅसच्या तारखा लिहितो.

मी चतुर्थीचा शनिवार धरला. दुपारी दीडला निघायचं. भरती पूर्वेला चाललेली, वारा पूर्वेला चाललेला. जेसल पार्कहून घोडबंदर चार-पाच किलोमीटर. दोन्ही फुकट, दोन्ही एकाच दिशेने. एवढा बिनचूक बेत पाहून मला स्वतःचाच आदर वाटू लागला, आणि तो वाटून घ्यायला आदल्या रविवारी मी उत्तनला गेलो. तिथे एक म्हातारे तांडेल जाळं दुरुस्त करत बसले होते. इंजिनं यायच्या आधी शिडावर डोलीला गेलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. टक्सना मान डोलावली. पाटाला हसले नाहीत.

"जाशील," म्हणाले. "येणार कशानं?"

"वाऱ्यानंच," मी म्हटलं.

ते पुन्हा जाळ्याकडे वळले. मला वाटलं, पिढीचं अंतर.

या प्रश्नाचं महत्त्व मी नंतर वाचून समजून घेतलं. दिलीप दोंदे २००९-१०मध्ये गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या ५६ फुटी शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. सगळे प्रदक्षिणेचं कौतुक करतात. माझ्या लेखी खरी कमाल ही, की मुंबईहून निघाले आणि मुंबईलाच पोचले. चिमाजी आप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली, तेव्हाही खाडीच्या मुखावरचा धारावीचा किल्ला आधी ताब्यात घ्यावा लागला. येण्याजाण्याची वाट कुणाच्या हातात, हे त्यांनी आधी पाहिलं. मी गाऊन पाहिला होता.

जाणं अप्रतिम झालं. शीड भरलं, नाळेखाली पाणी बोलू लागलं, आणि वल्हं मांडीवर आडवं ठेवून मी चाललो होतो. काठावरची तिवरं मागे पडत होती. जेटीवरच्या दोन माणसांनी 'भावी' वाचून आपणहून हात जोडले. तासाभरात वर्सोवा पुलावरचे ट्रक दिसू लागले. खाडीत होडीवर कुणी हॉर्न वाजवत नाही, हे तेव्हा प्रथम लक्षात आलं.

तीननंतर पाणी थांबलं आणि फिरलं. वारा फिरला नाही. पाणी पश्चिमेला, वारा पूर्वेला, अशा वेळी लाटा आखूड आणि उभ्या होतात, जणू दोन्हीकडून गर्दी चढलेला रेल्वेचा जिना. करायचं ते सोपं होतं: शीड उतरवायचं आणि वल्ही मारत ओहोटीबरोबर घरी यायचं. पण केबल टाय नावाची वस्तू सुटत नसते, तुटत असते, आणि कात्री घरी होती. डोलकाठीच उपटावी म्हटलं तर पाइपमधल्या चिंध्या भिजून फुगल्या होत्या. बांबू ढिम्म हलेना. (इच्छुकांनी चिंध्यांऐवजी लाकडी पाचर मारावी.) शीड मला पुढे ओढत होतं, पाणी मागे, आणि या वादात मी तिवरांकडे सरकलो. ओहोटीच्या खाडीत तिवरांशी जो थांबतो, त्याच्या खालचं पाणी जातं आणि चिखल राहतो. गुडघाभर, राखाडी, थंड. होडी त्यात बसली ती बसलीच. पुढची भरती पहाटे. तासभर खटपट करून मी ती काठाला ओढली तेव्हा माझा रंग कमरेपर्यंत खाडीचा झाला होता.

रस्त्यावर एक छोटा हत्ती मिळाला. ड्रायव्हरने होडी पाहिली, मला पाहिलं, आणि भाडं सांगितलं.

"एवढं? भाईंदरला तर जायचंय."

"दोन्हीकडचं घ्यावं लागतं, काका. रिकामाच येणार ना मी."

उत्तनच्या म्हाताऱ्यानंतर परतीचा विचार केलेला हा दुसरा माणूस. मी घासाघीस केली नाही.

काशिमीऱ्याच्या सिग्नलला टेम्पो अर्धा तास उभा होता. मागे मी, होडी, आणि न निघालेल्या काठीवर न सुटलेलं शीड. खारा वारा अजून पडला नव्हता. मावशींचे टक्स पूर्ण भरले होते, आणि गाड्यांच्या टपांवर 'भावी' अक्षरं डौलाने ताठ उभी होती. शेजारच्या बाइकवाल्याने हेल्मेटची काच वर केली, माझी चिखलाने माखलेली पँट पाहिली, शीड पाहिलं, आणि आदराने विचारलं,

"साहेब, कुठल्या प्रभागातून?"