गल्ल्याला चालतात, काउंटरला नाही

इंग्लंडात 2025 साली मार्क्स अँड स्पेन्सरने एका आईची माफी मागितली. तिच्या 14 वर्षांच्या मुलीला ब्राच्या विभागात एका कर्मचाऱ्याने ‘काही मदत हवी का?’ असं विचारलं होतं, आणि तो कर्मचारी पारलिंगी असावा असं आईला वाटलं. नुसतं विचारलं होतं, हं. त्यावर केवढं रण माजलं!

ही बाई नाशकात मेन रोडला आली तर चक्कर येऊन पडेल. इथे पिढ्यान्‌पिढ्या हा माल विकतात ते काका. “ताई, बत्तीस की चौतीस?” हा प्रश्न रविवार कारंजापर्यंत ऐकू जावा अशा आवाजात. साडीच्या दुकानात तर मिशीवाले दादा स्वतःच्या कमरेला निऱ्या खोचतात, खांद्यावर येवल्याची पैठणी टाकतात आणि आरशासमोर वळून म्हणतात, “बघा वहिनी, काय रंग खुललाय!” गादीवर बसलेल्या वहिनींना त्यात संस्कृती बुडाल्याचं कधी जाणवलेलं नाही.

तृतीयपंथी मात्र काउंटरमागे नकोत. दुकानाच्या उद्घाटनाला चालतात. टाळी वाजली की शेठ नोट काढतात, वर त्यांच्याच हातचा एक रुपया मागून घेऊन गल्ल्यात ठेवतात. बरकत येते म्हणे. त्याच हाताने बिल फाडायचं म्हटलं की “गिऱ्हाईक बिचकेल हो!”

गिऱ्हाईकाला विचारलंय कुणी? शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा उमेदवारी अर्ज अधिकाऱ्याने फेटाळला. हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी 2021 मध्ये तो मान्य केला आणि गावाने त्यांना ग्रामपंचायतीत निवडून दिलं. बिचकला तो अधिकारी, गाव नाही.

माप घ्यायला बाईच हवी असं एखादीला वाटलं, तर त्यात गैर काही नाही. तिने सांगावं, दुकानाने दुसरी सेल्सगर्ल पाठवावी. ट्रायल रूमला धड कडीही बसवावी, ती काकांच्या काळापासून निखळलेली आहे.

बाकी, नोकरीत भेदभाव करू नका, असं तृतीयपंथीयांसाठीचा 2019 चा कायदा सांगतोच. तेव्हा शेठ, दिवाळीच्या सीझनला जादा माणसं घ्याल, तेव्हा टाळी वाजवत आलेल्यांपैकी एखादीला विचारा, साड्या दाखवशील का? महिन्याच्या पगारावर. दिवाळीची पोस्त वेगळी.