मडगार्डकाका

त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव आहे, पण ते आता पासपोर्टापुरतं उरलंय. मँचेस्टरच्या मराठी मंडळींत ते मडगार्डकाका. मूळचे पुण्याचे, पेशाने हिशेबतपासनीस, अंगाने काटक, आणि उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला चेनच्या दातांचा काळा शिक्का. गणपतीत सोवळं नेसून आरतीला उभे राहिले की हा शिक्का अख्ख्या मंडळाला दिसतो. काकूंनी डाळीचं पीठ लावून पाहिलं, भांड्यांचा साबण लावून पाहिला. एक शिक्का गेला की दुसऱ्या दिवशी नवा हजर.

हा माणूस इंग्लंडातल्या प्रत्येक ऑफिसच्या सायकल-शेडमध्ये एक तरी असतोच. साहेब असला तर मुकाट्याने करतो, आपला असला तर सांगून करतो, एवढाच फरक. पंथ एकच. चांगली सायकल हिवाळ्यात घराबाहेर काढायची नाही, हिवाळ्यासाठी वेगळी सायकल हवी, ती स्वस्त हवी, आणि विकत घ्यायची नाही, जुळवायची. काकांची चांगली सायकल कार्बनची आहे. नोव्हेंबर ते मार्च ती पाहुण्यांच्या खोलीत भिंतीवर असते, आणि पाहुण्यांना त्या काळात हॉलमध्ये झोपावं लागतं. वरून काही अंगावर पडेल म्हणून नव्हे. माणसाच्या श्वासाने खोलीत दमट होतं म्हणून.

मँचेस्टरचा पाऊस म्हणजे तसं पाहिलं तर काहीच नाही. वर्षभराचा सगळा मिळून मुंबईच्या निम्म्यालाही पोचत नाही. पण मुंबईचा पाऊस चार महिने आदळआपट करून निघून जातो. हा बारा महिने दारात उभा असतो आणि आत येऊ का म्हणून विचारत राहतो. त्यात डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो, म्हणजे ऑफिसला जाताना आणि येताना दोन्ही वेळा काळोख आणि भुरभूर. हे सगळं काका सोसतात. सोसवत नाही ते मीठ. पारा उतरला की नगरपालिकेच्या गाड्या रात्री रस्त्यावर खडेमीठ फेकत जातात, म्हणजे बर्फ धरत नाही. हे मीठ चेशायरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं, हे काकांनी शोधून काढलंय आणि तेव्हापासून चेशायरबद्दल त्यांचं मत वाईट आहे. संध्याकाळी चकचकीत असलेली चेन सकाळी तांबूस होते. "हे शहर माझ्या सायकलीचं लोणचं घालतंय," असं ते गंभीरपणे म्हणतात.

तर दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरात त्यांनी हिवाळी सायकलीचा संकल्प सोडला. बजेट दीडशे पाउंड. हँडल मात्र रेसिंग सायकलीचंच, खाली वळलेलं. पावसापाण्यात असं हँडल कशाला, असं मी एकदा विचारलं आणि चहा गार होईपर्यंत ऐकून घेतलं. समोरून वारा आला की वाकता येतं, हात ठेवायला तीन-चार जागा मिळतात, बसच्या कडेने जाताना सायकल अरुंद राहते. सगळं पटण्यासारखं आहे. खरं कारण काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं: "सरळ हँडलवर ते म्हातारे दिसतात."

फ्रेम मिळाली स्टॉकपोर्टच्या एका गृहस्थांच्या गॅरेजमध्ये, चाळीस पाउंडांना. १९८३ची, स्टीलची, रेनॉल्ड्स ५३१ची. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने ही नळी १९३५ साली बाजारात आणली आणि पुढची कित्येक दशकं चांगली सायकल म्हटलं की इंग्लंडात तिचंच नाव निघायचं. फ्रेमवरचा तो छोटा स्टिकर अर्धा खरवडला गेला होता. काकांनी उरलेल्या अर्ध्यावर नेलपॉलिशचा थर दिला. नेलपॉलिश अर्थात काकूंचं. १९८३ सालालाही महत्त्व आहे. १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलीला रात्री पायडलांवर पिवळे रिफ्लेक्टर लावण्याची इथे सक्ती आहे, आधीच्या सायकलीला नाही. काकांच्या पायडलांना रिफ्लेक्टर बसत नाहीत. तेव्हा पोलिसाने अडवलंच तर दाखवायला फ्रेमच्या नंबराचा फोटो त्यांच्या पाकिटात असतो, मुलांच्या फोटोंच्या मागे. आजवर कुणी अडवलेलं नाही, याचं त्यांना थोडं वाईट वाटतं.

घरी आणल्यावर कळलं की सीटची दांडी फ्रेममध्ये धरलीय. दांडी अ‍ॅल्युमिनियमची, फ्रेम स्टीलची, मध्ये चाळीस वर्षांचं पाणी आणि मीठ. दोन धातू असे चिकटतात की नवराबायकोही चिकटत नाहीत. दुसरा कुणी असता तर फ्रेम परत देऊन आला असता. काकांचा चेहरा मात्र उजळला. आधी रोज रात्री तेल सोडणं झालं. मग, अ‍ॅल्युमिनियम थंडीत स्टीलपेक्षा जास्त आकसतं, म्हणून फ्रेम रात्रभर अंगणात. मग दांडी शेगड्यात आवळून अख्खी फ्रेमच फिरवून पाहिली. शेगडा टेबलासकट फिरला. शेवटी कॉस्टिक सोडा. तो अ‍ॅल्युमिनियम खातो, स्टीलला हात लावत नाही. एका रविवारी परसात काका काकूंचे भांडी घासायचे पिवळे रबरी हातमोजे, पोहायचा गॉगल आणि डोक्याला पंचा अशा वेषात उभे राहिले. खालचं तोंड बुचाने बंद केलेल्या फ्रेममध्ये सोड्याचं पाणी ओतलं. फसफस सुरू झाली, फ्रेम तापली, वाफा निघाल्या. कुंपणापलीकडच्या इंग्लिश आजींनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? काका म्हणाले, सीट खाली करतोय. आजींनी मान डोलावली आणि आत जाऊन खिडकी लावून घेतली.

या काळात ऑफिसला जाणं चालू होतं ते पिवळ्या बसने. बसमधून खाली सायकलींची लेन दिसायची. विल्म्सलो रोडवरून ऑक्सफर्ड रोडकडे विद्यार्थ्यांचे लोंढे जात असत, गंजलेल्या सायकली, करकरणाऱ्या चेनी, सीटवर सुपरमार्केटची पिशवी बांधलेली. काका त्यांच्याकडे करुणेने पाहत. ती पोरं सायकलवर होती आणि हे बसमध्ये, हा मुद्दा त्यांना कधी सुचला नाही.

मग चाकं. जुनी चाकं सत्तावीस इंची, आताची सातशे-सी. नावावरून काहीच कळत नाही, पण जुनी रिम ६३० मिलिमीटरची आणि नवी ६२२ची. म्हणजे ब्रेकचे रबर चार मिलिमीटर खाली यायला हवेत. या चार मिलिमीटरांवर काकांनी मंडळाच्या कोजागरीला आमचा एक कोपरा बसवला होता. दुधाचा पेला हातात धरून ते दाखवत होते: लांब हाताचा ब्रेक घ्यायचा, रबर खाली येतात, आणि टायर नि फ्रेमच्या मधे जागा सुटते. "आणि त्या जागेत काय येतं?" ते विचारत. मुलं ओरडत, "मडगार्ड!" पुढची अडचण रुंदीची. मागच्या चाकाची जागा १२६ मिलिमीटर, नवं चाक १३० मागतं. स्टील असल्याने फ्रेमचे हात वाकवून रुंद करता येतात. हे काम हॉलमधल्या गालिच्यावर झालं, लाकडाची फळी घालून, आणि दोन्ही बाजू सारख्या वाकल्या का हे फ्रेमला दोरा ताणून मोजलं. दोरा वातींचा.

पायडलांच्या मधल्या कण्याचं मात्र एकदम जमलं, कारण तिथे काका आधीपासून तयारीत होते. इंग्लिश फ्रेमला उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, हे ते झोपेतही सांगतात. त्यापुढचं ज्ञान ते फक्त लायक माणसाला देतात: "रॅलेची जुनी फ्रेम बघून घ्यायची. सगळ्या इंग्लंडचे आटे इंचाला चोवीस, नॉटिंगहॅमवाल्यांचे सव्वीस. बाजारातला कप दोन फेरे आत जाईल आणि थांबेल. बगळा दिसला की नमस्कार करून निघायचं." बगळा म्हणजे रॅलेचं चिन्ह, हँडलखालच्या नळीवर असतं.

आता हिशेब. काकांची वही मी पाहिलीय आणि सांगतो, असा हिशेब त्यांनी ऑफिसात पकडला असता तर माणूस कामावरून गेला असता. सायकल उभी करून दुरुस्त करायचा स्टँड 'फर्निचर' खात्यावर. चाकाच्या तुंब्यातला डायनॅमो, जो अख्ख्या फ्रेमपेक्षा महाग पडला, तो 'दिवाबत्ती'वर. पाने, चेन तोडायचं हत्यार, कप काढायचं हत्यार हे सगळं 'भांडवल', कारण ते पुढच्या पिढीला राहणार. मुलगी आर्किटेक्ट आहे, लंडनमध्ये असते आणि ट्यूबने फिरते. जलरोधक जाकीट 'कपडे', बोटं गारठू नयेत म्हणून घेतलेले निओप्रीनचे बूट-मोजे 'औषधोपचार'. चुकीच्या मापाच्या म्हणून पडून राहिलेल्या वस्तू 'येणे'. या सगळ्यातून गाळून सायकलीच्या नावावर उरले एकशे अठ्ठेचाळीस पाउंड. बजेटच्या आत. विचारलं तर हाच आकडा सांगतात, आणि काकू त्या वेळी मुद्दाम समोर बसतात, विणकाम घेऊन, काही न बोलता.

एकदाच बोलल्या. सायकल जवळजवळ पुरी झाली होती. दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड, मागे कॅरिअर, डायनॅमोचा दिवा, घंटा, पंक्चर होऊ नये म्हणून जाड टायर. काकूंनी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "अहो, हे सगळं मामंजींच्या काळ्या सायकलीला होतं. शिवाय चेनला डबा होता." काका बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याला रॉडचे ब्रेक होते."

मडगार्डवरून त्यांना नाव पडलं ते उगाच नाही. बाकी लोकांना मडगार्ड म्हणजे पाठीवर चिखलाची रेघ येऊ नये एवढंच कळतं. काकांच्या मते ती प्राथमिक शाळा झाली. पुढच्या मडगार्डचं खालचं टोक रस्त्याला टेकेल न टेकेल इतकं खाली हवं, नाहीतर चाकाचं पाणी थेट बुटात आणि कण्याच्या छर्‍यांत. मागच्या मडगार्डचं टोक मागून येणाऱ्यासाठी. घोळक्याने सायकली चालवताना मागच्याच्या तोंडावर आपलं पाणी उडणं याला इथे असभ्यपणा समजतात. कुठल्याही कारखान्याचं मडगार्ड त्यांना पुरेसं लांब वाटत नाही, म्हणून खाली झडप लावायची. झडपेला सगळ्यात उत्तम माल म्हणजे चार पाइंटच्या दुधाच्या कॅनचं प्लास्टिक: वाकतं, तुटत नाही, फुकट. एका सकाळी काकू उठून पाहतात तो ओट्यावर दुधाने काठोकाठ भरलेलं पातेलं, शेजारी ताकाच्या गंजात दूध, डब्याच्या झाकणातही दूध, आणि काका कात्री घेऊन बसलेले. झडप दुपारपर्यंत बसली. तिच्यावर निळ्या अक्षरांत दुधाची शेवटची तारीख आहे. त्या रात्री आम्हा सगळ्यांना बासुंदीला बोलावणं आलं.

आणि सायकल खरोखर चालली, हे सांगायलाच हवं. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, पाऊस तिरका येत असताना, काका डिड्सबरीहून निघाले आणि शहरातल्या ऑफिसात बूट कोरडे घेऊन पोचले. रिसेप्शनवरच्या बाईंना त्यांनी मोजे काढून दाखवले. शनिवारी ते ब्रेकचे रबर काढतात आणि सुईने त्यांत रुतलेले वाळूचे नि अ‍ॅल्युमिनियमचे कण एकेक करून उपसतात, कारण ते कण रिमला पॉलिश पेपरसारखे खात जातात. कानाजवळ चाक फिरवून पाहतात. मडगार्डच्या काड्या करकरल्या की अस्वस्थ होतात. मी एकदा त्यांच्या शेजारून सायकलवर गेलो. पावसाचा आवाज येत होता, माझ्या चेनचा येत होता, त्यांचा काहीच नाही. ते माझ्या चेनकडे बघत होते. ग्रोव्हनर स्ट्रीटच्या सिग्नलला त्यांनी खिशातून तेलाची छोटी बाटली काढली आणि मागच्या पाच जणांना थांबवून माझी चेन ओली केली.

गेल्या ऑक्टोबरात अमरावतीचा एक मुलगा एम.एस्सी.ला आला. मंडळाच्या दिवाळीत चिवड्याची बशी घेऊन चुकून काकांच्या शेजारी बसला आणि निरागसपणे म्हणाला, "काका, कॉलेजला जायला एखादी सायकल घ्यावी म्हणतो. जुनी पाहू की नवी?" आम्ही तिघांनी त्याला खुणा केल्या. काकूंनी हातातली करंजी खाली ठेवली. "घ्यावी?" काका म्हणाले, आणि खुर्ची पुढे सरकवली.

दोन आठवड्यांनी रात्री अकरा वाजता काकांच्या फोनवर फोटो आला. भाड्याच्या घरातला बाथटब, टबात आडवी फ्रेम, पलीकडे अंघोळीसाठी ताटकळलेला एक चिनी विद्यार्थी. खाली मजकूर: "काका, उजवीकडचा कप उलटाच फिरवला, दोन फेरे आत गेला आणि अडकला. फ्रेमवर कसलातरी पक्षी आहे."

काकांनी पायजम्यावरच जाकीट चढवलं, पाने पिशवीत टाकले आणि भर पावसात सायकलने निघाले. परतले पहाटे दोनला. सकाळी काकूंनी वही उघडून पाहिली. नवं पान घातलेलं होतं, वर मुलाचं नाव, बजेट ऐंशी पाउंड. खाली पहिली नोंद सव्वीस आट्यांच्या जुन्या कपांची, बावीस पाउंड, आणि ती 'शिक्षण' खात्यावर होती.