बेरजेमागची पानं

पूर्वपरीक्षा झाली की दहावीच्या वर्गात एक तास पेपर दाखवण्याचा असतो. गठ्ठा येतो, नावं पुकारली जातात, मुलं पहिल्या पानावरची बेरीज बघतात, अर्ध्या गुणासाठी बाईंच्या टेबलाभोवती गर्दी करतात आणि घंटा होण्याआधी गठ्ठा परत कपाटात जातो. घरीही प्रश्न एकच, किती पडले? कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. वर्षभरातलं सर्वांत कामाचं बाड मुलाच्या हातात तासभरही राहत नाही, याची मला चीड येते.

गुण कुठे गेले ते पानं उलटल्यावरच कळतं. प्रमेय पाठ असतं, पण पक्ष आणि साध्य न लिहिता मूल थेट सिद्धतेला हात घालतं. भिंगाची आकृती रेखीव काढतं आणि किरणांवर बाण द्यायचे विसरतं. राहिलेला उपप्रश्न पुरवणीवर सोडवतं, पण क्रमांक टाकत नाही. परीक्षकाने तो ओळखायचा कसा? या चुका अभ्यासाच्या नाहीत, लिहिण्याच्या सवयीच्या आहेत. गाइड कितीही वाचलं तरी त्या जात नाहीत.

सरावाच्या कोऱ्या उत्तरपत्रिका दुकानात मिळतात आणि पालक हौसेने आणतातही. मग दोन प्रश्न दुपारी, दोन जेवणानंतर, अडलं की पुस्तक उघडायचं. ही सुवाच्य अक्षरातली नक्कल झाली. तिला सराव म्हणू नका.

वेळेचा हिशेब साधा आहे. मराठी प्रथम भाषेची कृतिपत्रिका ८० गुणांची, वेळ ३ तास, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. शेवटच्या उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत, त्यासाठी ५४ मिनिटं राखावीच लागतात. गद्य-पद्यात रमलेली मुलं तिथे पोहोचतात तेव्हा हातात अर्धा तास उरलेला असतो. गणित आणि विज्ञानाचा प्रत्येक भाग ४० गुणांचा, २ तासांचा, म्हणजे गुणाला तीन मिनिटं. २०२३ पासून बोर्ड शेवटी १० मिनिटं वाढवून देतं. ही मिनिटं उत्तरं पुन्हा वाचायला ठेवा.

म्हणून सरावाचा पेपर सकाळी ११ वाजता, एका बैठकीत, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून लिहा. आधी बैठक क्रमांक अंकांत आणि अक्षरांत, मग समास, मग प्रत्येक उत्तराला प्रश्नपत्रिकेतलाच क्रमांक. वेळ संपली की पेन खाली. दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतः लाल पेन घेऊन तपासावं आणि प्रत्येक गेलेल्या गुणापुढे कारण लिहावं: आलं नाही, वेळ पुरला नाही, की लिहायचं राहिलं. चुकलेले तेवढेच प्रश्न आठवड्याने कोऱ्या पानावर पुन्हा सोडवावेत. असे तीन पेपर नीट लिहिणारं मूल दहा पेपर उरकणाऱ्यापेक्षा पुढे जाईल.

शाळांनाही सांगणं आहे. बोर्ड निकालानंतर शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची छायाप्रत देतं, पण तेव्हा परीक्षा होऊन गेलेली असते. पूर्वपरीक्षेची तपासलेली उत्तरपत्रिका मात्र वेळेत हाती पडते. ती आठवडाभर घरी द्या. पालकांनो, शाळा देत नसेल तर सोमवारी जाऊन मागा. ती तुमच्या मुलाने लिहिलेली आहे.