दुवा कसा द्यावा

मांडव उतरतो, आचारी हिशेब चुकता करून घेतो, उरलेल्या बुंदीची शेजारीपाजारी वाटणी होते. मग पंधरा-वीस दिवसांनी फोटोग्राफर एक पेन ड्राइव्ह आणून देतो आणि खऱ्या कार्याला सुरुवात होते. त्यात ३,२०० फोटो असतात आणि ते 'सगळ्यांना पाठवायचे' असतात. ही कामगिरी घरातल्या ज्या माणसाला 'कॉम्प्युटरमधलं कळतं' त्याच्याकडे येते. तो माणूस आपणच असाल, तर पुढचं मार्गदर्शन आपल्यासाठी आहे. नसाल तर सुखाने झोपावं.

आधी ईमेल करून पाहावा. जमणार नाही, पण प्रयत्न केला होता असं सांगता येतं. जीमेलला २५ एमबीच्या वर जोडपत्र चालत नाही. आठ-आठ एमबीचे तीन फोटो गेले की पान उचललं. त्याहून जड काही जोडलंत तर जीमेल परस्पर त्याची ड्राइव्हवरची लिंक करून टाकतं. मात्र नातलगांवर फोटो लादताना मनात अपराधी भाव ठेवू नये. मेलला फाइल जोडायची आजची रीत घालून देणाऱ्यांपैकी एक, नथॅनिएल बोरेन्स्टाइन. त्यांनी ११ मार्च १९९२ रोजी पाठवलेल्या पहिल्या जोडपत्रात काय असावं? ते ज्या चौकडीत गात, तिचा फोटो आणि तिचंच गाणं. तेव्हा आपण मूळ परंपरेला धरूनच आहोत.

आता ड्राइव्ह. फुकट जागा १५ जीबी, आणि आपले फोटो भरतात पंचवीसच्या आसपास. त्यात ही जागा एकट्या ड्राइव्हची नसते; मेल आणि गूगल फोटोज हेही त्याच पंक्तीला बसलेले असतात. जागा भरली की नवे मेल येणं बंद होतं, आणि विजेचं बिल का आलं नाही याचा उलगडा मीटर कापायला आलेला माणूस करतो. म्हणून अर्धे फोटो आपल्या खात्यावर चढवावेत आणि अर्धे आईच्या. आईचं खातं फोन घेतला त्या दिवशी उघडलेलं असतं आणि त्यानंतर तिने ते पाहिलेलं नसतं, त्यामुळे जागा मुबलक. यातली मेख पुढे कळेल.

लिंकला शुद्ध मराठीत दुवा म्हणतात. पाठवणारा दुवा देतो आणि शिव्या खातो. कारण फोल्डर उघडायची मुभा कुणाला, हे ठरवायचं राहून गेलेलं असतं आणि न ठरवल्यास ती कुणालाच नसते. ग्रुपवर लिंक पडते, चाळीस माणसं एकाच वेळी बोट लावतात आणि चाळिसांच्या पडद्यावर 'परवानगी मागा' असं येतं. पूर्वी विहीणबाई पाय धुवायला गरम पाणी आलं नाही म्हणून रुसायच्या. आता 'स्वतःच्या मुलाचे फोटो बघायला आम्ही परवानगी मागायची?' हे वाक्य पुढची तीन कार्यं पुरतं. त्यातून काही गरीब जीव परवानगी मागतातही. त्यांचे अर्ज आईच्या मेलवर जातात. (मेख ती हीच.) आपण तिचा फोन घेऊन बसलात, तर अर्जदारांत 'किलर गेमर ००७' असा कुणी दिसतो. त्याला बेधडक नकार द्यावा. दहा मिनिटांत नाशिकच्या आत्याचा फोन येईल. खातं तिला नातवाने उघडून दिलेलं असतं.

अधिकार वाटताना बहुतेकांना फक्त बघण्याचा द्यावा. मानाच्या मंडळींना फेरफार करण्याचाही द्यावासा वाटतो, तो मोह टाळावा. आम्ही टाळला नाही. दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं चालू असताना धाकटे काका जांभई देत होते ते सर्व फोटो फोल्डरमधून नाहीसे झाले. दुर्दैवाने त्यांतल्याच एकात वधूवर हार घालत होते.

या सगळ्याला कंटाळून आपण शेवटी 'लिंक असलेल्या कुणालाही' हा पर्याय निवडाल. हा सत्यनारायणाच्या प्रसादासारखा आहे. आला त्याला मिळतो. आमची लिंक दोन दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर पोहोचली आणि पंगतीचा फोटो मोठा करून पाहिल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "चौथ्या मजल्यावाल्यांना आमंत्रण होतं वाटतं?"

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकले की ते वाटेत रोडावतात. तेच डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर अंगापिंडाने जसेच्या तसे पोहोचतात, पण दिसायला फाइलीसारखे दिसतात आणि मग कुणी उघडत नाही. सगळ्यांचं म्हणणं एकच असतं: "माझा एक चांगला असेल तो टाक ना."

आत्याचं प्रकरण मात्र फोनवर मिटत नाही. तिथे पेन ड्राइव्ह आणि ती एवढीशी ओटीजीची पिन खिशात घालून एसटीने जावं. आत्या शिरा करते. आपण पिन लावतो, फोटो निवडतो, आणि फोन म्हणतो की जागा शिल्लक नाही. आत सुप्रभातची सहा हजार चित्रं असतात. पुसू का, असं विचारावं.

"पूस," आत्या म्हणते, "पण त्यातला एकही गणपती जाता कामा नये."