पैसे घेऊन पळालेला माणूस

'पैसे गोळा करून पळणे' याला मराठीत एकच अर्थ आहे, आणि पतसंस्था बुडाल्यापासून तो आमच्या खान्देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी ओळखीच्यांना "पैसे गोळा करतोय, जानेवारीत पळणार आहे" असं कळवलं, तेव्हा पहिला फोन आमच्या भिशीच्या खजिनदाराचा आला. "भो, या महिन्याची भिशी तुलाच लागली होती ना?"

सुरुवात साखरेपासून झाली. डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा माणसाने हालचाल करायची ती पहाटे. मेहरूण तलावाच्या काठी चालताना तिथली पळणारी मंडळी भेटली आणि मी बिघडलो. या लोकांत वेग विचारत नाहीत, 'पेस' विचारतात, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं. माझा पेस नऊ होता. घरी अभिमानाने सांगितलं, तर बायकोला वाटलं दहापैकी नऊ. मीही खुलासा केला नाही.

मग मुंबई मॅरेथॉनचं वेड शिरलं. मी नाव नोंदवायला गेलो तेव्हा अर्ध मॅरेथॉनच्या जागा भरलेल्या. तरुण मित्र म्हणाला, "काका, चॅरिटी बिब घ्या." म्हणजे एखाद्या संस्थेसाठी ठरावीक देणगी जमवायची, की छातीवर लावायचा नंबर मिळतो. २००४ साली ही स्पर्धा सुरू झाली आणि तिच्या निमित्ताने आजवर कोट्यवधी रुपये संस्थांना मिळाले. माझी परोपकारबुद्धी अशी रांगेत जागा न मिळाल्यामुळे जागी झाली. मुलींच्या शिक्षणाचं काम करणारी एक संस्था निवडली.

एकवीस किलोमीटर पळणं सोपं, मागणं कठीण. पळताना नुसते पाय दुखतात. मागताना माणसं रस्ता बदलतात. त्यात सरावाचा जोर थंडीत, आणि थंडीत जळगावात भरीत. शनिवारी रात्री कुणाच्या तरी शेतात पऱ्हाट्यांवर वांगी भाजलेली, सोबत कळण्याची भाकरी, आणि रविवारी पहाटे सोळा किलोमीटर. त्या धावांचं वर्णन मी करणार नाही. पण देणग्या मिळाल्या त्या त्याच शेतांत. पोट भरलेला खान्देशी माणूस नाही म्हणत नाही.

धुळ्याला सासुरवाडीला गेलो तरी नेम चुकवला नाही. पांझरेच्या काठी पळताना एका आजीबाईंनी थांबवलं. "भाऊ, कसाले पयी राहिना? कोन मांगे लागेल शे?" मी मागे वळून पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. एवढ्या महिन्यांत हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

सासऱ्यांनी तर सौदाच मांडला. "जावईबापू, पाच हजार देतो. पण पळू नका."

"मामा, पळण्यासाठीच तर देणगी आहे."

"पोरींच्या शाळेसाठी आहे ना? मग तुमच्या गुडघ्यांचा काय संबंध?"

मी टेरी फॉक्सचं उदाहरण दिलं. कॅन्सरने पाय गेलेला तो कॅनडातला पोरगा १९८० साली कृत्रिम पायाने १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर पळाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी. मामा गप्प झाले. मी आणखी चढून फौजासिंगांचं नाव घेतलं. ८९व्या वर्षी लंडन मॅरेथॉन, तीही अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी! तिथे चुकलो.

"आमच्याकडे विनोबा होते," मामा म्हणाले. "१९३२ साली इथल्याच तुरुंगात गीतेवर बोलले, सानेगुरुजींनी उतरवून घेतलं. पुढे भूदानासाठी देशभर फिरले, लोकांनी जमिनी काढून दिल्या. पण ते चालले, जावईबापू. मागणाऱ्याने चालत यावं. पळणाऱ्याला बघून लोक आधी खिसा चाचपतात."

यावर उत्तर नव्हतं. पाच हजार मात्र त्यांनी दिले, आणि पावती मागून घेतली.

जानेवारीतल्या त्या रविवारी मुंबईत सी-लिंकवर समुद्राचा वारा खात मी पळालो, पुढे चाललो, आणि शेवटी ज्याला दोन्ही म्हणता येणार नाही असं काहीतरी केलं. आजूबाजूला अनोळखी माणसं माझं नाव घेऊन ओरडत होती. ते छातीवर छापलेलं होतं, हे बऱ्याच उशिरा लक्षात आलं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा तीन तास उलटून गेले होते.

खाली बसतो तोच मामांचा फोन. "पैसे पोचले का?"

"कधीच. तुम्ही दिले त्याच दिवशी, थेट संस्थेच्या खात्यात."

"आणि तुम्ही?"

"मी आत्ता पोचतोय, मामा."

"मग ठीक," ते म्हणाले. "पैसे पुढे आणि माणूस मागे, म्हणजे पळवले नाहीत."