मौनव्रती आत्मचरित्रकारास

ती. स्व. जोसेफ बोनानो यांस,

शि. सा. न. वि. वि.

मायना वाचून दचकू नये. माफिया घराण्याचा प्रमुख म्हणजे ‘फादर’, कुटुंबाचा पिता, असे आपणच लिहून ठेवले आहे, तेव्हा बापमाणसाला शोभेल असेच संबोधन घातले आहे. वर्तमानपत्रे आपल्याला ‘जो बनानाज’ म्हणत आणि आपल्या अंगाचा तिळपापड होई. ती आगळीक माझ्याकडून होणार नाही. ११ मे २००२ रोजी अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनला, वयाच्या ९७ व्या वर्षी, हृदयविकाराने आपण गेलात. आपल्या पेशात असे मरण फार थोड्यांच्या नशिबी आले, त्याबद्दलही आधीच अभिनंदन करून ठेवतो.

पत्राचे निमित्त आपले आत्मचरित्र, १९८३ चे ‘अ मॅन ऑफ ऑनर’. निवृत्त माणसाने आत्मचरित्र लिहिणे आम्हा मराठी लोकांना नवे नाही. सचिव लिहितात, पोलीस अधिकारी लिहितात, साखर कारखान्याचे माजी अध्यक्षही लिहितात आणि सूर एकच असतो: खाते बिघडलेले होते, मी तेवढा स्वच्छ राहिलो. आपला सूर हुबेहूब तोच. फरक एवढाच, की आमच्या सचिवांनी नोकरीत रुजू होताना बोट टोचून घेतलेले नसते, की तळहातावर संताचे चित्र जळत ठेवून ‘यातला शब्द बाहेर फुटला तर माझीही अशीच राख होवो’ असे म्हटलेले नसते.

ही शपथ घेऊन मिळणारे माफियाचे सभासदत्व किती मोलाचे होते, हे आपल्यापेक्षा अधिक कोण जाणणार? अर्ज करून ते मिळत नसे. वंश इटालियन हवा, जुन्या सभासदाने भरवसा द्यायला हवा आणि हात बहुधा रक्ताने माखलेले हवेत. १९५७ नंतर तर न्यू यॉर्कच्या पाचही घराण्यांनी जवळजवळ वीस वर्षे नवी भरतीच बंद ठेवली. एकदा आत आलेल्या माणसावर वरच्याच्या परवानगीशिवाय कोणी हात उचलायचा नाही. म्हणून त्याच्या शब्दाला भाव. व्याजाचे पैसे थकवणाऱ्यापुढे त्याला चाकू काढावा लागत नसे, कोणाचा माणूस हे कळले की पाकीट आपोआप बाहेर येई. सगळा धंदा पतीवर चालायचा आणि पत टिकायची तोंड बंद ठेवण्यावर.

आता तोंड बंद ठेवण्याचा आपल्या घरचा इतिहास पाहू. १९३० मध्ये जो व्हलाची नावाचा एक पोरगा संघटनेत घेतला गेला. टेबलाभोवतीच्या मंडळींनी बोटे दाखवली, बेरीज करून मोजत गेले आणि त्याचा पालक म्हणून नेमके आपले नाव निघाले. पुढे १९६३ मध्ये याच व्हलाचीने अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर, घराणी, हुद्दे, शपथविधी सगळे ओकून टाकले. तोवर तो दुसऱ्या घराण्यात होता हे मान्य. पण मानसपुत्र कोणाचा?

आपण मात्र थोर. १९३१ मध्ये आपला म्होरक्या मारान्झानो याचा खून झाला आणि अवघ्या २६ व्या वर्षी आपण घराण्याचे प्रमुख झालात, घराण्यांच्या प्रमुखांच्या ‘कमिशन’ नावाच्या पंचायतीत जाऊन बसलात. १९५७ च्या नोव्हेंबरात न्यू यॉर्क राज्यातल्या अ‍ॅपलाकिन गावी देशभरचे म्होरके जमले आणि पोलीस येताच रानोमाळ पळाले. पोलिसांनी सांगितले, बोनानो मक्याच्या शेतात सापडला. आपण सांगितलेत, मी नव्हतोच, माझा वाहन परवाना दुसऱ्याच्या खिशात होता. ठीक आहे, होतो असा घोटाळा.

१९६४ चा किस्सा मात्र पुन्हा पुन्हा वाचण्यासारखा. २१ ऑक्टोबरला आपल्याला ग्रँड ज्युरीपुढे उभे राहायचे होते. त्याच दिवशी, मध्यरात्र उलटल्यावर, न्यू यॉर्कच्या पार्क अ‍ॅव्हेन्यूवर वकिलाच्या घरासमोरून आपले अपहरण झाले. गुंडांचा मुहूर्त पाहा, सरकारी तारीख वाया जाऊ दिली नाही. आपल्या म्हणण्याप्रमाणे हे काम आपल्याच एका नातलगाचे, बफेलोचा म्होरक्या मागाद्दिनो याचे. त्याने काही आठवडे ठेवून घेतले आणि सोडून दिले. त्यानंतरही आपण पंचांना, पोलिसांना, कोणालाच दिसला नाहीत आणि १९ महिन्यांनी न्यायालयात आपल्या पायांनी हजर झालात. त्याआधी आपण गॅम्बिनो आणि लुकेझी या दोन सहपंचांना संपवण्याचा बेत केल्याचा बोभाटा झाला होता, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार आहे. प्रतिष्ठित माणसाचे शत्रू फार असतात.

अमली पदार्थांना आपली परंपरा शिवत नसे, असेही आपण लिहिलेत. वाचून बरे वाटले. आपला उजवा हात कार्माइन गलान्टे १९६२ मध्ये याच गुन्ह्यासाठी २० वर्षांची शिक्षा घेऊन तुरुंगात गेला. आपल्या नावाच्या घराण्यातली सिसिलियन मंडळी पुढे पिझ्झाच्या दुकानांआडून हेरॉइन विकताना पकडली गेली. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये म्हणतात, ते आपण धर्मकार्याच्या बाहेरही पाळलेत.

गुप्ततेबद्दल काय बोलावे! टूसॉनच्या घराबाहेर आपण टाकलेला कचरा तपासवाले कित्येक वर्षे उचलून नेत होते. त्यात फाडून टाकलेल्या, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या निघत. १९८० मध्ये न्यायाच्या कामात अडथळा आणल्याबद्दल आपण दोषी ठरलात, त्या पुराव्यात या चिठ्ठ्या होत्या. एवढ्यावर आपले समाधान झाले नसावे. कचऱ्यातून चिठ्ठ्या जुळवण्याचे सरकारचे कष्ट वाचावेत म्हणून आपण सगळे पुस्तकरूपात प्रसिद्ध केलेत आणि टीव्हीवरच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात माइक वॉलेसशी गप्पाही मारल्यात.

न्यू यॉर्कचा फेडरल वकील रुडी जुलियानी वाचक म्हणून आपल्याला लाभला. एफबीआयची मंडळी आधीपासून पुरावे गोळा करत होतीच, पण अशी पंचायत खरोखर आहे, ती बसते, निवाडे करते, हे तिचा संस्थापक पंच स्वतःच छापून सांगतो आहे, तर मग सगळ्या पंचायतीवरच एकत्र खटला का भरू नये, ही कल्पना या पुस्तकाने दिली, असे त्यानेच पुढे सांगितले. १९८५ मध्ये आरोप ठेवले गेले. साक्षीसाठी बोलावल्यावर मात्र आपल्याला शपथ आठवली. ऐंशीच्या उंबरठ्यापलीकडचा म्हातारा न्यायालयाच्या अवमानाबद्दल सुमारे १४ महिने कोठडीत बसला, पण बोलला नाही. काय हा निग्रह! दुकानात पैसे मोजून जे कोणालाही मिळत होते, ते न्यायाधीशाला फुकट सांगायला आपण साफ नकार दिलात. नोव्हेंबर १९८६ मध्ये आपण सुटलात आणि त्याच महिन्यात खटल्याचा निकाल लागला. सालेर्नो, कोराल्लो, पर्सिको या म्होरक्यांना शंभर-शंभर वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्यापैकी कोणी पुस्तक लिहिले नव्हते.

तोवर आपल्या मागे घराण्याची अब्रू आणखी गेली होती. जोसेफ पिस्टोन हा एफबीआयचा माणूस ‘डॉनी ब्रास्को’ बनून १९७६ ते १९८१ आपल्या पोरांत वावरला आणि घराण्यातल्या सनी ब्लॅकने त्याला सभासद करून घेण्याची तयारीही चालवली. वंश वगैरे सगळे बरोबर होते, फक्त पगार सरकारी होता. सनी ब्लॅकचे प्रेत १९८२ मध्ये सापडले. भरवसा देणाऱ्याने भरवशाची किंमत चुकवायची, हा नियम त्याच्यापुरता पाळला गेला. आपल्यापुरता का नाही, हे विचारण्याचा अधिकार मला नाही.

जाब विचारला तो जोसेफ मासिनोने. नव्वदच्या दशकात गादीवर आल्यावर आपल्या पुस्तकाचा त्याला इतका संताप, की त्याने घराण्यावरून आपले नाव काढून स्वतःचे लावले. आमच्यातला कोणी कधी सरकारला फितला नाही, हा त्यांचा अभिमान. आपण २००२ च्या मे महिन्यात गेलात आणि त्या वर्षाच्या अखेरीस पहिला सभासद फुटला. पाठोपाठ मासिनोचा सख्खा मेव्हणा, त्याचा उपप्रमुख, फुटला. २००४ मध्ये मासिनो दोषी ठरला आणि फाशीची टांगती तलवार दिसताच तो स्वतःच सरकारच्या बाजूला गेला. न्यू यॉर्कच्या घराण्याचा विद्यमान प्रमुख फितण्याची ती पहिली वेळ.

मग अर्थातच मासिनोचे नाव उतरले आणि आपले पुन्हा चढले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यापेक्षा पुस्तकाचे दुकान बरे, असे मंडळींनी ठरवले असावे.

कळावे,
आपला एक वाचक

ता. क. : पुस्तक रद्दीच्या दुकानातून घेतले आहे. मानधनाचा वाटा आपल्या वारसांना पोचलेला नाही, तरी वसुलीला कोणी पाठवू नये.