नाव तिळाचं, काम फल्लीचं

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात नागपुरातल्या कोणाच्याही घरची किराण्याची यादी उचलून वाचा. तीळ अर्धा किलो, गूळ एक किलो, फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, दीड किलो. एवढ्या सामानातून जो पदार्थ होणार, त्याचं नाव मात्र तिळाचे लाडू. दीड किलोवाल्याचा कुठे उल्लेखसुद्धा नाही. हळदीकुंकवाच्या दिवशी हातावर पडणारा लाडू निम्मा फल्लीचा आहे, हे देणारीला ठाऊक असतं आणि घेणारीलाही ठाऊक असतं, कारण तिनेही घरी तेच केलेलं असतं. पण संक्रांत तिळाची, आणि तीळ महाग. तेव्हा तिळाने मिरवायचं आणि फल्लीने वजन भरायचं, हा करार पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालत आला आहे.

या प्रकरणात मी अगदीच तटस्थ नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरी भाजलेल्या फल्लीची सालं काढण्याचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे काम करूनही नाव न झालेल्यांबद्दल मला थोडा जास्तच जिव्हाळा वाटतो.

तिळाचं एकवेळ सोडा, फल्लीचं सगळीकडे असंच. खिचडी साबुदाण्याची, भरलेली वांगी वांग्याची, कोशिंबीर काकडीची. यातल्या एखाद्या पदार्थात दाण्याचा कूट पडला नाही, तर पहिल्या घासाला सगळे एकमेकांकडे बघतात. असला तर कोणी बघत नाही. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात आलं की मोर्चे निघतात, पोलीस ते अडवतात, आणि जिथे अडवतात तिथे फल्लीवाल्याची गाडी हजर असते. संध्याकाळी मागण्यांचं काय झालं ते कोणाला सांगता येत नाही, पण रस्त्यावरच्या टरफलांवरून मोर्चा केवढा होता ते बरोबर कळतं. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मंत्री असतात, आंदोलक असतात, फल्ली नसते.

बरं, ही इथली म्हणावी तर तसंही नाही. दक्षिण अमेरिकेतून निघाली आणि पोर्तुगिजांच्या काळात आपल्याकडे पोचली. मिरची त्याच बाजूची, बटाटा तिकडचा, साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचाच. म्हणजे एकादशीचं ताट वाढलं की निम्मी मंडळी साता समुद्रापलीकडची निघतात, आणि इथल्या मातीत वाढलेली तूर दाराबाहेर उभी. गंमत अशी की फल्ली स्वतः तुरीच्याच भावकीतली, शेंगवर्गातली. भावकीतल्या डाळी उपासाला चालत नाहीत, ही मात्र चालते. तिने हे कसं जमवलं असेल? मला वाटतं, कोणाला विचारलंच नसेल. जिने कधी नावासाठी भांडण केलं नाही, तिची चौकशी करायची कोणाला सुचत नाही.

स्वभाव म्हणाल तर तो झाडापासूनच. भुईमुगाला पिवळंधमक फूल येतं ते जमिनीच्या वर, चारचौघांत. पण फुलाचं काम झालं की तिथून एक बारीक देठ निघतो, खाली वळतो आणि मातीत शिरतो. शेतकरी या देठांना आऱ्या म्हणतात. शेंग धरते ती पुढे, अंधारात. आऱ्या नीट मातीत घुसाव्यात म्हणून उभ्या पिकावरून रिकामा ड्रम फिरवण्याची पद्धत आहे. अंगावरून ड्रम गेल्यावर जास्त जोमाने कामाला लागणारं दुसरं पीक मला माहीत नाही. आपल्या विदर्भाचा यात मानाचा वाटाही आहे. टॅग-२४ नावाचं गाजलेलं वाण भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांनी मिळून काढलं. टॅगमधला ट हा ट्रॉम्बेचा, अ अकोल्याचा, आणि ग हा ग्राउंडनटचा. स्वतःच्या बारशातसुद्धा फल्ली तिसऱ्या नंबरवर.

आता भाजणीकडे येतो. घाईच्या माणसाला फल्ली बरोबर पकडते. आच मोठी केली की दाण्याला वरून काळे डाग पडतात आणि आत तो कच्चा राहतो. लोखंडी कढई, मंद आच आणि न थांबणारा हात, याला पर्याय नाही. आधी ओल्या मातीसारखा वास येतो, मग काही वेळ काहीच येत नाही, आणि मग एकदम तो खमंग वास घरभर सुटतो. त्याच वेळी सालं तडतडायला लागतात. मधेच एखादा दाणा तोंडात टाकून ‘अजून मऊ आहे’ असा निकाल देणारे प्रत्येक घरात असतात. गरम दाणा मऊच लागतो. कुरकुरीतपणा निवल्यावर येतो. निकालाची घाई केली की फल्ली जळते, हे आई दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी कोणीतरी गरम दाणा तोंडात टाकतंच.

त्यानंतर माझं खातं सुरू होतं. कोमट दाणे जाड फडक्यात घेऊन रगडायचे, मग सुपात घालून पाखडायचे. बोटांत धरून जरा दाबला की दाण्याचे दोन भाग होतात आणि मधला इवलासा कोंब नखाला लागतो. सालं इतकी हलकी की सूप नुसतं उचललं तरी उडतात. गॅलरीत बसलो तर खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर जाऊन पडतात, आणि घरात बसलो तर रथसप्तमीपर्यंत सोफ्याच्या फटीत सापडत राहतात. खालच्या काकू वर बघून विचारतात, “झाली का सुरुवात?” त्यांना कॅलेंडर लागत नाही.

मिक्सर लागला की घरात दोन पक्ष पडतात. आईचा पक्ष भरड कुटाचा. बटण दाबायचं, सोडायचं, झाकण काढून बघायचं. मुलीचा पक्ष पीनट बटरचा. ती बटण दाबते आणि सोडतच नाही. फल्लीत जवळजवळ निम्मं तेल असतं. दाणा थोडा फुटला की भरड होते, आणखी फुटला की कूट, आणि त्यानंतरही फिरवत राहिलं की पेशीपेशीतलं तेल बाहेर येऊन सगळं भांड्याच्या कडेला चिकटून बसतं. आईच्या लेखी इथे पदार्थ बिघडला. मुलीच्या लेखी इथे तो सुरू होतो.

“बस कर व माय, तेल सुटून राहिलं त्याले,” आई ओरडते.

“सुटू दे ना आजी, तेच तर पायजे.”

मुलगी कडेचा लगदा चमच्याने खाली लोटते, मिक्सर तापला की थोडा थांबवते, पुन्हा फिरवते. आणि खरंच, तेलाचा एक थेंब वरून न घालता, मघाचा घट्ट गोळा बघता बघता सैल होतो आणि चमच्यावरून ओघळायला लागतो. चिमूटभर मीठ घातलं की झालं. बाजारात बाटलीवर जे लिहिलेलं असतं ते सगळं आणि जे लिहिलेलं नसतं तेही वजा जाऊन जे उरतं, ते हे. फरक एवढाच की घरचं बटर दोन दिवसांनी बघावं तर तेल वर आणि लगदा खाली. बाजारच्या बाटलीत घट्ट केलेलं वनस्पती तेल घालून ही फाटाफूट थांबवलेली असते. आमच्या शहरात १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली, तिथे तेलाचं शास्त्र रीतसर शिकवतात. आमच्या घरी त्यावर उपाय म्हणून बाटली उलटी करून ठेवतात.

आता वाटेल, बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव आलं, म्हणजे परदेशात तरी फल्लीला न्याय मिळाला. तिथलीही कथा ऐका. पीनट बटर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शोधलं असं शाळेतल्या पोरांपासून सगळे सांगतात. गुलामीत जन्मलेला हा कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ खरंच मोठा होता. १९१६ साली त्यांनी फल्लीच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली. पण त्याच्या कितीतरी आधी, १८८४ मध्ये, कॅनडाच्या मार्सेलस एडसनने भाजलेल्या फल्लीच्या लगद्याचं पेटंट घेतलं होतं, आणि १८९५ मध्ये डॉ. केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी आपली रीत नोंदवायला टाकली होती. ज्याने केलं त्याचं नाव मागे पडलं आणि ज्याने केलं नव्हतं त्याच्या गळ्यात हार पडला. मला यात काही नवल वाटलं नाही. फल्लीच्या संगतीत राहिल्यावर दुसरं काय होणार?

याहून भारी गोष्ट कायद्याची. पीनट बटर म्हणायचं तर त्यात फल्ली किती हवी, यावर अमेरिकेत १९५९ मध्ये वाद सुरू झाला. सरकार म्हणे शेकडा ९० तरी हवी, कारखानदार म्हणत ८७ पुरे. या तीन टक्क्यांसाठी सुनावण्या झाल्या, साक्षी झाल्या, कागदांचे गठ्ठे झाले आणि १९७१ मध्ये कुठे ९० वर शिक्कामोर्तब झालं. हे वाचून मी आमच्या लाडवांच्या डब्याकडे बघितलं. असा कायदा तिळाच्या लाडवांना लागला, तर महालापासून प्रतापनगरापर्यंत एकही स्वयंपाकघर नोटिशीवाचून सुटणार नाही.

अमेरिकेतल्या माझ्या बहिणीकडे नाताळात फल्लीच्या कुकीज होतात. पीनट बटरच्या पिठाचे गोळे साखरेत घोळवून भाजायचे आणि गरम असतानाच मधोमध चॉकलेटचा थेंब दाबून बसवायचा. १९५७ साली ओहायोच्या फ्रेडा स्मिथ यांनी ही कृती पिल्सबरी कंपनीच्या देशव्यापी पाककला स्पर्धेत पाठवली होती. पहिलं बक्षीस दुसऱ्याच पदार्थाला मिळालं. त्या पहिल्या नंबरवाल्याचं नाव बहिणीला माहीत नाही, तिच्या शेजारणींनाही माहीत नाही, आणि या कुकीज मात्र तिकडे नाताळात घरोघरी होतात. व्हिडिओ कॉलवर तिने ताट दाखवलं तेव्हा आई म्हणाली, “मधात काळं काय ठेवलं ते? नजर लागू नये म्हणून का?”

ते बघून मुलीने ठरवलं की यंदा आपणही करायचं. ओव्हन नाही, म्हणून लाडू. घरचं पीनट बटर वाटीभर, किसलेला गूळ, चिमूटभर वेलची. पाक करायचा नाही, म्हणजे पाकाची परीक्षाही नाही. चिक्कीचं तसं नसतं. पाण्यात टाकलेला थेंब वाटीवर आपटून टणकन वाजला पाहिजे. आधी उतरवला तर चिक्की दाताला चिकटते, नंतर उतरवला तर कडू लागते, आणि या दोन्हींच्या मधे जेमतेम एक श्वास घेण्याइतका वेळ मिळतो. या लाडवात ती धास्तीच नव्हती. मळता मळता फल्लीचं तेल गुळाला लागलं आणि तुपाशिवाय गोळा वळून आला. आई बाजूला बसून बघत होती. मग म्हणाली, “आमचा दाण्याचा लाडू असाच होते. तू मिक्सर जास्त फिरवला एवढंच.” पण म्हणता म्हणता तिने एक उचलला, मग दुसरा.

लाडू मऊ होते, हाताला चिकटत होते. मुलीला युक्ती सुचली. भाजलेले तीळ ताटलीत पसरले आणि एकेक लाडू त्यात घोळवला. पांढरेशुभ्र, टपोरे, देखणे दिसायला लागले. संध्याकाळी खालच्या काकू आल्या. त्यांनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “बाप्पा! तिळाचे लाडू इतके मऊ?”

मुलीने माझ्याकडे बघितलं, मी आईकडे बघितलं. आईने काकूंच्या हातावर दुसरा लाडू ठेवला आणि सांगितलं, “तीळ चांगला मिळाला यंदा.”

रात्री मुलगी जरा रुसली. एवढं सगळं फल्लीचं, आणि वरून चिकटलेल्या मूठभर तिळाने बाजी मारली म्हणे. मी तिला समजावायला गेलो, एडसनपासून फ्रेडा स्मिथपर्यंत सगळे दाखले दिले. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, काकूंनी पुढच्या आठवड्यातल्या हळदीकुंकवासाठी आणखी पन्नास लाडू मागितलेत, ते करायचे का? करू या की, आई म्हणाली, बायको म्हणाली, मीही म्हणालो. लाडू तिळाचे म्हणायचे की फल्लीचे, ते पाहुण्यांनी आपापलं ठरवावं. आधी पन्नास लाडवांच्या फल्लीची सालं काढायला माझ्याशिवाय आणखी कोण बसतंय, तेवढं बोला.